घरी सोडले

ब्राडेनी, १२ जानेवारी २०१०

डॉक्टर,

एवढ्या वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर दिसलं की कोण गेलं, असंच तुमच्या मनात येणार. म्हणून आधीच सांगते, कोणी गेलेलं नाही. मी ठणठणीत आहे, गुडघे सोडून. इलिंकाही मजेत आहे. बाप्तिस्म्याच्या दिवशी धर्मपिता म्हणून तुम्ही तिला मोठ्या कौतुकाने हातात घेतलंत आणि ती तुमच्या नव्याकोऱ्या कोटावर ओकली होती. ती आता शाळेत गणित शिकवते आणि पोरं चुकली की तुमच्यासारख्याच भुवया चढवते. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं. जावई तोदेर जंगलात झाडं पाडायच्या कामावर आहे. आमच्याकडेच राहतो. त्याची आई सवेता गल्लीच्या टोकाला असते आणि दिवसातून तीनदा मुलगा जिवंत आहे का ते बघून जाते.

आता कामाचं. बुखारेस्टहून आमच्याकडे एक जाडजूड फॉर्म आला आहे. जबर जखमी माणूस आला तर कोणतं रुग्णालय त्याला किती सांभाळू शकतं, याची म्हणे देशभर पाहणी चालली आहे. त्यावरून श्रेणी लावणार. वरच्या श्रेणीत जिल्ह्यासारखी मोठी रुग्णालयं, सगळं असलेली. सगळ्यात खालची श्रेणी मिळाली, तर फक्त मलमपट्टी करायची आणि माणूस पुढे पाठवायचा. म्हणजे आपली ऑपरेशनची खोली बंद. शेवटच्या पानावर समितीची नावं होती आणि वरून दुसरं नाव तुमचं. मी बोट ठेवून ते परत वाचलं.

आमचे प्रमुख डॉक्टर नेगुरा यांनी फॉर्म माझ्याकडे दिला, कारण जुन्या नोंदवह्यांमधलं अक्षर एकट्या मलाच लागतं. डॉक्टरांचं गिचमिड अक्षर लावायची सवय तुमच्यामुळेच लागली, म्हणून तक्रार करत नाही. उत्तरं लिहिताना माझं तोंड उतरत गेलं. मेंदूचा फोटो काढायचं यंत्र? नाही. भूल देणारे डॉक्टर? आठवड्यातून तीन दिवस. सर्जन? नेगुरा स्वतः, सोमवार ते बुधवार. बाकीचे चार दिवस कृपा करून कोणी जखमी होऊ नये, अशी पाटी दारावर लावावी लागेल. पण शेवटचा प्रश्न होता, किती दगावले. मी पंधरा वर्षांच्या वह्या काढून मोजलं. जबर जखमी आले दोनशे बारा. आपल्याकडे दगावले सात. फक्त सात. मोठ्या यंत्रांच्या रुग्णालयात विचारा, किती ते.

डॉक्टर, तुम्हाला ती खोली आठवते ना? मेमध्येही शेगडी पेटवावी लागायची आणि पाण्याचं भांडं उकळेपर्यंत तुम्ही बेसूर गाणी म्हणायचात. एक्स-रेचं यंत्र लाथ मारल्याशिवाय चालायचं नाही आणि लाथ नेमकी कुठे मारायची, ते तुम्हाला नि मलाच माहीत होतं. तिथे मी नर्स म्हणून छत्तीस वर्षं काढली. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. माझ्यामागे तिथे चादरी ठेवायचं कपाट होऊ नये, एवढंच मागते. दोन शब्द आमच्या बाजूने टाका.

तुमची,
वेतुरिया

•

बुखारेस्ट, ३१ जानेवारी २०१०

वेतुरिया,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कॉलेजातलं व्याख्यान रद्द केलं. पोरांना सांगितलं, सर्दी झाली आहे. खरं म्हणजे दिवसभर खिडकीशी बसून ते पत्र परत परत वाचत होतो. एक्स-रेला लाथ डाव्या बाजूला, खालच्या खिळ्याच्या वर मारायची. बघ, विसरलेलो नाही.

मी ब्राडेनीला आलो तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार मोठा समजत होतो. पहिल्याच महिन्यात तू मला सर्वांसमोर सुनावलंस, की डॉक्टर, चाकू पेन्सिलसारखा धरू नका, इथे चित्र काढायचं नाहीये. मी आजही विद्यार्थ्यांना हेच वाक्य ऐकवतो, तुझं नाव न सांगता. इथे माझ्या हाताखाली तीस माणसं आहेत, दोन यंत्रं अशी आहेत की त्यांच्या किमतीत आख्खं ब्राडेनी विकत येईल. पण काम संपल्यावर एकाच पातेल्यातून मक्याची मामालिगा वाटून खाणारं इथे कोणी नाही. माझी बायको गेल्यापासून हे जास्तच जाणवतं. म्हातारा झालो, दुसरं काय.

आता फॉर्म. तो मी वाचला. जमेल तेवढं नक्की करीन. एकच गोष्ट अडते आहे. तू लिहितेस, दोनशे बारा आले, सात दगावले, एकशे अडतीस बरे होऊन गेले, छत्तीस जिल्ह्याला पाठवले. ही बेरीज एकशे एक्याऐंशी होते. एकतीस माणसं उरतात. त्यांच्यापुढे काय शेरा आहे? समितीत एक तरुण डॉक्टरीणबाई आहेत, आकड्यांच्या बाबतीत फार काटेकोर. त्यांनी विचारायच्या आत मी विचारतो आहे.

दुसरं असं की, जिल्ह्याचे लोक म्हणतात, ब्राडेनीचा रुग्ण आमच्याकडे येतो तो जखम झाल्यावर चार-चार तासांनी. त्यांना मी उत्तर काय देऊ, तेही कळव.

इलिंकाला आशीर्वाद. कोटावरचा डाग गेला नाही, हेही तिला सांग.

सबिन कोसोवान

•

ब्राडेनी, ११ फेब्रुवारी २०१०

डॉक्टर,

काय शेरा आहे, हे तुम्ही मला विचारता? बुखारेस्टच्या पाण्याने माणूस इतकं विसरतो?

शेरा आहे, ‘नातेवाइकांच्या विनंतीवरून घरी सोडले’. एकतीसच्या एकतीस जणांपुढे. हा शेरा लिहायला मला तुम्ही शिकवलंत, शहात्तर साली, नदीपलीकडच्या त्या गवंड्याच्या वेळी. तो वाचणार नाही हे कळल्यावर त्याची बायको तुमच्या पाया पडली, की ह्याला इथे मरू देऊ नका, प्राणवायूच्या नळकांड्याजवळ तुम्ही मेणबत्ती पेटवू देत नाही, आणि हातात पेटती मेणबत्ती नसताना गेला तर हा पुढच्या वाटेवर कायमचा अंधारात चाचपडेल. तुम्ही शहरातले, देवाधर्माला नाक मुरडणारे. तरी तुमचे डोळे भरून आले. ॲम्ब्युलन्समधून तुम्ही त्याला घरी पोचवलंत आणि वहीत ‘घरी सोडले’ असं लिहिलंत. त्या दिवसापासून ब्राडेनीने तुम्हाला आपलं मानलं. तोवर लोक तुम्हाला दूधही पाणी घालून विकत होते.

मग तोच रिवाज पडला. ड्रायव्हर इलारिये तर कोणाला विचारतही नाही. आम्ही मान हलवली की गाडी घराकडे वळवतो. यात चूक काय? ज्याची आशाच नाही, त्याला अनोळखी भिंतींमध्ये का मरू द्यायचं? माझ्या वहीत खोटं काही नाही. घरीच सोडले. पुढे काय झालं ते फॉर्मने विचारलेलं नाही.

आणि डॉक्टर, इलिंकाचा बाप, माझा गवरिल, त्याच शेऱ्याने घरी आला. चौऱ्याऐंशीचा फेब्रुवारी, आजच्याच आठवड्यात. ओंडका त्याच्या कुशीवर पडला. सकाळी दहाला आणलं, तुम्ही पोट उघडलंत, टाके घातलेत, जे जे होतं ते केलंत. तीन वाजता बाहेर येऊन नुसते माझ्याकडे बघितलंत. मी म्हटलं, घरी नेऊ या. तुम्ही स्वतः बरोबर आलात. त्याच्या बोटांत जोर नव्हता, म्हणून त्याच्या हाताभोवती तुम्ही तुमचा हात धरलात आणि मेण तुमच्या मनगटावर सांडत होतं तरी हलला नाहीत. चार वाजता तो गेला, त्याच्या पलंगावर, माझ्यासमोर. माझ्या आयुष्यात मला कोणी काही दिलं असेल, तर तुम्ही तो तास दिलात. दरवर्षी तुमच्या नावाच्या संताच्या दिवशी मी चर्चमध्ये तुमच्या आयुष्यासाठी प्रार्थना करते. ते उगाच नाही.

तेव्हा त्या डॉक्टरीणबाईंना काय सांगायचं ते सांगा, पण हे उकरू नका.

वेतुरिया

•

बुखारेस्ट, ५ मार्च २०१०

वेतुरिया,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितो आहे. आधीची तीन चांगली जमली होती, म्हणून फाडली.

तू माझ्यासाठी प्रार्थना करतेस हे वाचलं आणि आता गप्प बसणं शक्य नाही. त्या दिवसाबद्दल तुला जे माहीत नाही, ते सांगतो.

तुला मी बाहेरच थांबवलं होतं, पण गवरिलला आणलं तेव्हा तो बोलत होता. त्याने मला टोपी कुठे आहे म्हणून विचारलं. मी पोट उघडलं, प्लीहा काढली, रक्त थांबलं असं वाटलं. थांबलं नव्हतं. यकृताच्या मागच्या बाजूला चीर होती आणि तिथे हात घालायला लागतं ते ज्ञान माझ्याकडे नव्हतं, बाटल्यांमधलं रक्तही संपलं होतं. साडेअकरा वाजता मी हात धुऊन ऑफिसात गेलो आणि जिल्ह्याच्या रुग्णालयात फोन लावला. त्या काळात फोन लागणं हेच नवल, पण लागला. तिथले मुख्य सर्जन स्वतः बोलले. म्हणाले, जखमेत कापडं दाबून भरा, पोट तसंच बांधा आणि पाठवा, टेबल रिकामं ठेवतो. बर्फ काढणारी गाडी सकाळीच जाऊन आली होती. रस्ता मोकळा होता. तेव्हाच्या खराब रस्त्याने अडीच तास लागले असते.

मी पाठवलं नाही.

का, ते सव्वीस वर्षं स्वतःला विचारतो आहे. जानेवारीत आपण एका गाडीवानाला पुढे पाठवलं होतं, तो वाटेत गेला. मेणबत्तीशिवाय. त्याची आई रोज सकाळी येऊन माझ्या उंबऱ्यावर थुंकायची, आठवतं? गावाने महिनाभर मला नमस्कार केला नाही. मला वाटलं, गवरिलही वाटेत गेला तर तू माझ्या तोंडाकडे बघणार नाहीस. शिवाय त्या मुख्य सर्जनशी माझं वाकडं होतं. आपल्याला जमलं नाही हे त्याला कळायला नको होतं. म्हणून मी परत आत गेलो आणि स्वतःच खटपट करत बसलो. तीन वाजता त्याला पाठवून उपयोग नव्हता. तेव्हा मी तुला घरी ने म्हणालो. म्हणजे तू म्हणालीस आणि मी मान हलवली.

पुढे पाठवला असता तर वाचला असता का? नक्की कोणीच सांगू शकत नाही. मी सर्जन म्हणून सांगतो, शंभरातले चाळीस तरी वाचतात. दोन वर्षांनी मी ब्राडेनी सोडलं. सगळ्यांना सांगितलं, बायकोला डोंगरात करमत नाही. तिला तिथे फार आवडायचं.

तुझ्या त्या एकतीसांमध्ये कितीजणांना खरंच आशा नव्हती आणि कितीजणांपुढे ब्राडेनीने लवकर हात टेकले? मला माहीत नाही, तुलाही नाही. घरी सोडायची सोय हाताशी असली की माणूस लवकर हात टेकतो. ही सोय मीच करून दिली. लोकांवर दया म्हणून केली होती, खरंच.

समितीला मी अजून काही सांगितलेलं नाही. वही तुझी आहे. एवढं मात्र सांगतो, सात हा आकडा धरून ब्राडेनीला वरची श्रेणी मिळाली, तर त्या खोऱ्यातला प्रत्येक जखमी आधी तुमच्या दारात आणतील, गुरुवारीही आणि रविवारीही.

माफी मागायला मला तोंड नाही. तरी मागतो.

सबिन

•

बुखारेस्ट, २० एप्रिल २०१०

वेतुरिया,

ईस्टर होऊन गेला. दरवर्षी येणारं रंगवलेल्या अंड्यांचं कार्ड इलिंकाकडून आलं, तुझी सही नव्हती. ते बरोबरच आहे.

समितीची बैठक जूनवर गेली आहे. ब्राडेनीच्या बाबतीत मी मत देणार नाही, असं मी लेखी कळवलं. कारण विचारलं तर म्हटलं, तिथे माझी माणसं आहेत.

उत्तराची वाट बघतो. शिव्या घातल्यास तरी चालेल.

सबिन

•

ब्राडेनी, ९ मे २०१०

डॉक्टर,

तुमचं मार्चचं पत्र मी दोनदा चुलीपाशी नेलं. एकदा तर झाकण काढलं होतं. महिनाभर कोणाशी धड बोलले नाही. नेगुरांना वाटलं, फॉर्मच्या काळजीने झुरते आहे. मला तुमचा इतका राग आला होता, की समोर असतात तर काय केलं असतं सांगवत नाही. टोपी कुठे आहे, असं विचारलं होतं त्याने. मला सव्वीस वर्षांत कोणी सांगितलं नाही की तो शेवटी काय बोलला.

तो राग अजून आहे. पण आज दुसरंच लिहायचं आहे.

सत्तावीस एप्रिलला, सकाळी सव्वादहाला, तोदेरला आणलं. आपल्या तोदेरला. उतारावर साखळी तुटली आणि झाड त्याच्या कमरेवरून नि उजव्या पायावरून गेलं. मंगळवार होता, म्हणजे नेगुरांचा दिवस, पण ते अंत्यविधीला दुसऱ्या गावी गेले होते. कामावर एक नवीन मुलगी, पोटदुखी-तापाची डॉक्टर, भिंतीला टेकून पांढरीफटक उभी. मी तिला म्हटलं, बाई, तू फक्त माझ्या हातात मागेन ते दे. मांडीवर पट्टा आवळला. चादर दुमडून कंबर करकचून बांधली. दोन्ही हातांत सलाईन लावलं. हे सगळं करताना माझा जावई आहे असं मनात येऊ दिलं नाही. त्याचा रंग मेणासारखा झाला होता, तुम्हाला माहीत आहे तो रंग.

मग मी दार उघडलं. बाहेर अर्धं गाव उभं आणि सगळ्यांच्या पुढे सवेता. तिच्या ॲप्रनमध्ये मेणबत्ती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, घरातल्या देवचित्राजवळची उचलून घेऊनच आली होती. इलिंका तिच्या दंडाला धरून उभी. इलारियेने गाडी सुरू केली आणि सवयीने तोंड आमच्या गल्लीकडे वळवलं. काच खाली करून मला विचारलं, “घरीच ना?”

डॉक्टर, तुमचं पत्र आलं नसतं तर मी हो म्हटलं असतं. हे खरं आहे. मी त्याच्याकडे बघून मनात धरलंच होतं, की संपलं. मग मी आत जाऊन फोन केला. जिल्ह्याला एक बाई बोलल्या, तरुण आवाज. मी जेमतेम दोन वाक्यं सांगितली. त्या म्हणाल्या, “पाठवा.”

मी बाहेर येऊन इलारियेला म्हटलं, “पुढे.”

त्याला ऐकू आलं नाही असं वाटलं, म्हणून परत म्हटलं. सवेता स्ट्रेचरच्या आडवी झाली. ती ओरडली नाही, तेच वाईट. अगदी हळू म्हणाली, “तुझ्या नवऱ्याला मेणबत्ती मिळाली. माझ्या पोराला रस्त्यात अंधारात मारतेस?” सगळं गाव ऐकत होतं. इलिंकाने तिला बाजूला ओढलं. इलिंकाला बापाच्या वेळच्या त्या फोनचं काहीच माहीत नाही, तिने फक्त माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ओढलं. आपल्या दारात तोदेर एकूण अठरा मिनिटं होता. वहीत लिहिलं आहे.

गाडीत मी बसले. सत्तर मिनिटं त्याची नाडी धरून होते. दोनदा ती बोटांखालून गेली. मी देवाला म्हटलं, तुला अंधारात घ्यायचा असेल तर याच्याऐवजी मला घे, मला अंधाराची सवय आहे. काय वाटेल ते बोलत होते. तिथे दार उघडलं तर सात माणसं उभी. प्रत्येकाला आपलं काम ठाऊक, कोणी कोणाला ओरडत नाही, कोणी कोणाच्या वाटेत येत नाही. त्याचं नाव काय, कोणाचा कोण, हे एकानेही विचारलं नाही. आपल्याकडे कोणी आलं की आधी, अरे हा तर अमक्याचा पोरगा, असं व्हायचं आणि सगळे रडायला लागायचे. मला आपल्या खोलीची फार आठवण आली. आणि त्याच क्षणी मला कळत होतं, की तोदेर आपल्या खोलीत असता तर आतापावेतो आम्ही त्याला आंघोळ घालत असतो.

मी हात धुवायला उभी राहिले, तेव्हा फोनवरची ती बाई जवळ आली. म्हणाली, चादर कोणी बांधली? मी म्हटलं, मी. ती म्हणाली, त्याच्यामुळेच इथपर्यंत पोचला. डॉक्टर, एवढ्या वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. तुम्हीसुद्धा नाही.

पाय गुडघ्याखालून काढला. दोन आठवडे होत आले, अजून मधूनमधूनच शुद्धीवर येतो. पुढचं माहीत नाही. सवेता माझ्याशी बोलत नाही.

वेतुरिया

•

बुखारेस्ट, १६ मे २०१०

वेतुरिया,

जिल्ह्याला फोन करून विचारलं. ताप उतरतो आहे, असं म्हणाले. मी रोज विचारतो, त्यांना वैताग आला आहे.

चादर बांधायला तुला मी शिकवलेलं नाही. तुझं तूच शिकलीस कुठेतरी. तुझं कौतुक मी कधी केलं नाही, हे अगदी खरं आहे. मला वाटायचं, तुला ते माहीत आहे.

बैठक नऊ जूनला आहे. तुझा फॉर्म जसा आहे तसाच तिथे पडून आहे. तू काय करावंस, हे सांगायचा अधिकार मी गमावला आहे आणि सांगणारही नाही.

सबिन

•

ब्राडेनी, ३ ऑक्टोबर २०१०

डॉक्टर,

तुम्हाला समितीकडून सगळं कळलंच असेल, पण माझ्या तोंडून ऐका.

तुमचं पत्र आल्यावर मी फॉर्म परत मागवला. मग वही घेऊन एकतीस घरं फिरले. दोन आठवडे लागले, गुडघ्यांची वाट लागली. प्रत्येक ठिकाणी विचारलं, घरी आणल्यावर किती वेळाने गेले? कोणी कॉफी दिली, कोणी दारातून हाकललं. नोव्हेंबरमध्ये घोडा उधळून पडलेल्या म्हाताऱ्याची सून म्हणाली, पोचल्यावर पाच मिनिटांत. त्याचं ठीक आहे. पण लाकडाच्या गिरणीतला तो करवतवाला, तीस वर्षांचा, त्याची बायको म्हणाली, दुसऱ्या दिवशी दुपारी. मी तिला परत विचारलं, तिने तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, डॉक्टर. जिल्हा सत्तर मिनिटांवर आहे. अशी नऊ निघाली. त्या बायकांनी मला आशीर्वाद दिले, नवऱ्याला घरी पोचवलं म्हणून. मी त्यांना काही सांगितलं नाही. तेवढं धैर्य माझ्यात नाही.

सात खोडून मी अडतीस लिहिलं. शेवटी गवरिलचं नाव घातलं. तो पंधरा वर्षांच्या बाहेरचा, फॉर्ममध्ये बसत नाही, तरी घातला. त्याच्यापुढे लिहिलं, मृत, पुढे पाठवला नाही. खाली माझी सही केली. नेगुरांनी वाचलं आणि म्हणाले, वेतुरियाबाई, तुम्ही स्वतःच्या हाताने खोली बंद करताय. मी म्हटलं, हो.

बंद झाली. ऑगस्टमध्ये मोठा दिवा काढून नेला, मग टेबल. खालची श्रेणी मिळाली. आता चार खाटा, दोन नव्या ॲम्ब्युलन्स आणि भिंतीवर एक घड्याळ. आल्यापासून अर्ध्या तासात माणूस पुढे निघाला पाहिजे. चादर कशी बांधायची ते मी चार मुलींना शिकवते. जिल्ह्याच्या त्या बाई महिन्यातून एकदा येतात आणि माझ्या चुका काढतात. गावातले निम्मे लोक मला बघून रस्ता ओलांडतात. बेकरीत माझ्यासाठी पाव उरत नाही. आपलं रुग्णालय या बाईने घालवलं, असं सवेताची शेजारीण चर्चच्या पायऱ्यांवर मोठ्याने म्हणाली. मी वळून पाहिलं नाही. दिवा नेला त्या दिवशी मात्र रिकाम्या खोलीत जाऊन उभी राहिले आणि तुमचं ते बेसूर गाणं म्हणून बघितलं. मलाही जमत नाही.

तुम्ही माफी मागितलीत. मी खूप विचार केला. तो फोन मी विसरणार नाही. तुमच्या मनगटावरचं मेणही विसरणार नाही. दोन्ही तुमचंच आहे आणि दोन्ही मला सांभाळावं लागणार. प्रार्थना चालू ठेवली आहे. पूर्वीसारखी मनापासून होत नाही, पण करते. डिसेंबरमध्ये या. गवरिलच्या थडग्याशी तुम्हाला एकट्याला सोडीन, मी लांब उभी राहीन.

तोदेर जुलैत घरी आला. लाकडी पाय बसवला आहे, वेगात चालताना चिडतो. जंगलखात्याने ऑफिसात बसायचं काम दिलं आहे, त्यावरही चिडतो. सवेता दोन महिने दारातूनच त्याला बघून जायची, गेल्या रविवारी आत येऊन बसली. माझ्याशी बोलली नाही, पण कॉफी प्याली.

काल दुपारी तोदेर भाज्यांची पातळ चोर्बा खारट झाली म्हणून माझ्याशी भांडला. चांगला तावातावाने. म्हणाला, मीठ काय फुकट मिळतं का? मी म्हटलं, नको असेल तर उपाशी राहा. त्याने चमचा आपटला, इलिंका आम्हा दोघांवर ओरडली, पातेलं सांडलं. डॉक्टर, सव्वीस वर्षांत या घरात जेवणावरून माझ्याशी कोणी भांडलं नव्हतं. मी पातेलं घेऊन अंगणात गेले आणि पोटभर रडले. मग पाणी घालून चोर्बा परत उकळली आणि त्याला वाढली.

वेतुरिया